चाकांवरची अश्वशक्ती : रस्त्यावरच्या नोंदींवरून हिशेब

प्रश्न : माझ्याकडे १.२ लिटर पेट्रोल इंजिनाची, हाताने गिअर बदलण्याची हॅचबॅक आहे. माहितीपत्रकात ६००० आरपीएमला (मिनिटाला फेरे) ८३ पीएस (मेट्रिक अश्वशक्ती) ताकद, ११३ न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) आणि ८७० किलो वजन असे आकडे दिले आहेत. ओबीडी सॉकेटला (गाडीच्या संगणकातल्या नोंदी वाचण्याची खाच) ब्लूटूथ अडॅप्टर लावून मी फोनवरच्या एका ॲपने चाकांवरची ताकद मोजून पाहिली. दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून गाडी पळवली, तेव्हा ताशी ८० किलोमीटरच्या आसपास जाताना सरासरी ६२ पीएस आणि त्याच रस्त्याने परत येताना ५३ पीएस दिसले. आलेखाची टोके मात्र अधूनमधून ८२ पर्यंत जातात. प्रत्येक दिशेला पाच फेऱ्या केल्या; ७५ ते ८५ हा टप्पा जाताना सरासरी १.३७ सेकंदांत आणि येताना १.६५ सेकंदांत पार झाला. ताशी ८० ला इंजिन सुमारे ५५२० आरपीएमवर असते. ॲपमध्ये मी माहितीपत्रकातले वजन भरले होते. नंतर वजनकाट्यावर आम्हा दोघांसह गाडी १०२० किलो भरली. दुसऱ्या एका सपाट रस्त्यावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडून दिली, तेव्हा दोन्ही दिशांची सरासरी काढता ८५ वरून ७५ वर यायला ९.०५ सेकंद आणि ४५ वरून ३५ वर यायला १६.४ सेकंद लागले. मित्राच्या मते चाकांपर्यंत पोहोचताना १५ टक्के ताकद वाया जाते, म्हणजे ७० पीएस यायला हवेत. खरा आकडा कोणता मानावा?
— एक वाचक, पनवेल

उत्तर : तुम्ही ज्या नोंदी पाठवल्या आहेत त्या ॲपच्या उत्तरापेक्षा कितीतरी अधिक मोलाच्या आहेत, कारण त्यांच्यावरून हा हिशेब हाताने पूर्ण करता येतो. प्रथम ८२ हा आकडा बाजूला काढू. तो कंपनीच्या ८३ ला इतका चिकटून आला आहे की त्याच्यावर विश्वास ठेवण्याचा मोह कोणालाही होईल. पण तो निव्वळ योगायोग आहे.

ओबीडीवरून मिळणारा वेग हा ताशी पूर्ण किलोमीटरमध्येच मिळतो; ७९ नंतर थेट ८०, मधले काही नाही. तुमचे ॲप सेकंदाला साधारण पाच नोंदी घेत असेल, तर दोन नोंदींमध्ये ०.२ सेकंदांचे अंतर पडते. तेवढ्या वेळात वेग एका किलोमीटरने वाढला असे दिसले, तर प्रवेग १.३९ मीटर प्रति सेकंद वर्ग निघतो. दोन किलोमीटरने वाढला असे दिसले, तर तो एकदम दुप्पट, म्हणजे २.७८ होतो. मधला कोणताही प्रवेग या यंत्रणेला दाखवताच येत नाही. तुमची गाडी प्रत्यक्षात ०.२ सेकंदात सुमारे १.३ किलोमीटरने वेग वाढवत होती, त्यामुळे नोंदीत एक, एक, दोन, एक, एक, दोन अशा पायऱ्या पडल्या. ८७० किलो वजन धरून आणि हवा-टायरांचा रोध मिळवून या पायऱ्यांचे पीएसमध्ये रूपांतर केले तर ४६, ४६, ८२ असे आकडे येतात आणि त्यांची सरासरी ५८ येते. तुमच्या ६२ आणि ५३ ची सरासरीही जवळजवळ तीच आहे. म्हणजे आलेखातले ८२ हे इंजिनाचे नसून पायरीच्या उंचीचे आहेत. आलेखातले सर्वांत उंच टोक हीच गाडीची कमाल ताकद, असे मानणाऱ्या ॲपने दिलेला आकडा म्हणूनच कोणी अभिमानाने सांगू लागले तर त्याला नोंदी किती वेळाने घेतल्या, एवढेच विचारावे.

याला उपाय आहे, आणि तो त्याच सॉकेटमध्ये आहे. इंजिनाचा आरपीएम ओबीडीवर पाव आरपीएमच्या बारकाईने मिळतो. क्लच घसरत नसेल आणि गिअर बदलत नसेल, तर वेग आणि आरपीएम यांचे गुणोत्तर कायम राहते. तुमच्या गाडीत दुसऱ्या गिअरला १ आरपीएम म्हणजे ताशी सुमारे ०.०१४५ किलोमीटर. ताशी एक किलोमीटरच्या पायरीच्या तुलनेत ही पट्टी सत्तर पटींनी बारीक आहे. म्हणून वेग थेट न घेता आरपीएमवरून काढावा, आणि गुणोत्तर ठरवण्यासाठी त्याच गिअरमध्ये स्थिर वेगाने मिनिटभर गाडी चालवून जीपीएसचा वेग पाहावा. काट्यावरचा वेग मुळीच वापरू नये, कारण काटा खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवणार नाही अशा बेताने तो मुद्दाम थोडा पुढे ठेवलेला असतो. वेगात ५ टक्के चूक झाली तर प्रवेगातही ५ टक्के चूक होते, आणि ताकद हा त्या दोघांचा गुणाकार असल्यामुळे तिच्यात जवळजवळ १० टक्के चूक शिरते. १.३७ आणि १.६५ हे तुमचे आकडे पाच-पाच फेऱ्यांच्या सरासरीचे असल्यामुळे पायरीचा दोष त्यांच्यात बराच पुसला गेला आहे. तेव्हा पुढचा हिशेब त्यांच्यावरच करतो.

ताशी १० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २.७८ मीटर. जातानाचा प्रवेग २.०३ आणि येतानाचा १.६८; सरासरी सुमारे १.८५. येथे वेळांची सरासरी न काढता प्रवेगांची काढावी, कारण चढ-उताराचे बल प्रवेगात मिळवले किंवा वजा केले जाते, वेळेत नाही. या दोन दिशांमधला फरक तुम्हाला खटकला असणार. पण १०० मीटरला दीड मीटर एवढा उतार आणि ताशी १० किलोमीटरचा वारा एकाच बाजूचे असले की एवढा फरक आरामात पडतो. तुमच्या गाडीला १ टक्का चढ म्हणजे १०० न्यूटनचे ओझे, ताशी ८० ला ते ३ पीएस होते, आणि १ टक्का चढ डोळ्याला सपाटच दिसतो. म्हणूनच एकाच दिशेने केलेल्या मोजणीला, मग उपकरण कितीही महाग असो, मी काडीची किंमत देत नाही.

आता बलांची बेरीज. ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२.२२ मीटर. १०२० किलोला १.८५ च्या प्रवेगाने ढकलायला १८८७ न्यूटन लागतात. बलाला वेगाने गुणले की ताकद वॉटमध्ये मिळते, आणि ७३५.५ वॉटचा एक पीएस होतो. (७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलणे, एवढाच या मेट्रिक अश्वशक्तीचा अर्थ, तिच्यात घोड्यापेक्षा मोटेचे चित्र अधिक स्पष्ट दिसते.) या हिशेबाने ५७ पीएस येतात. पण गाडी केवळ स्वतःचे वजन ढकलत नव्हती, हवाही ढकलत होती आणि टायरही मळत होती.

येथे तुमच्या न्यूट्रलमधल्या नोंदी कामी येतात. बहुतेक लोक हवेच्या रोधाचा गुणांक आणि गाडीचे समोरचे क्षेत्रफळ कोठून तरी शोधून आणतात. ते गाडीवरच मोजता येत असताना दुसऱ्याच्या आकड्यावर विसंबण्याचे कारण नाही. न्यूट्रलमध्ये इंजिन सुटलेले असते आणि गाडीला फक्त रोध मागे ओढतो. चार चाकांचे फिरते जडत्व तुमच्या आकाराच्या टायरना सुमारे ३३ किलोच्या बरोबरीचे धरले, तर १०५३ किलोची वस्तू ८० च्या आसपास ९.०५ सेकंदांत १० किलोमीटरने मंदावते, म्हणजे तिच्यावर ३२३ न्यूटनचा रोध आहे. ४० च्या आसपास १६.४ सेकंद लागतात, म्हणजे रोध १७८ न्यूटनचा आहे. टायरचा रोध वेगाने फारसा बदलत नाही आणि हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, एवढे गृहीत धरले की दोन समीकरणांतून दोन्ही अज्ञाते सुटतात: टायर आणि बेअरिंगांचे १३० न्यूटन, आणि ८० ला हवेचे १९३ न्यूटन. पहिल्या रस्त्याऐवजी दुसरा सपाट रस्ता निवडलात हे फार चांगले केले. दीड टक्का उतारावर ४० च्या वेगाने जाणारी ही गाडी न्यूट्रलमध्ये जवळजवळ मंदावलीच नसती, कारण उताराचे १५० न्यूटन तिला पुढे ढकलत राहिले असते. एक सूचना मात्र येथेच देतो: असा प्रयोग करताना इंजिन कधीही बंद करू नये, ब्रेकचा आधार जातो आणि स्टिअरिंग कुलूपबंद होण्याचा धोका असतो.

१८८७ मध्ये ३२३ मिळवले की २२१० न्यूटन, म्हणजे ६६.८ पीएस. ॲपने ८७० ऐवजी १०२० किलो धरले असते तर त्यानेही साधारण हाच आकडा दिला असता. तुमच्या ५८ आणि या ६७ मधला सगळा फरक गाडीतल्या दोन माणसांचा, सामानाचा आणि माहितीपत्रकाचा आहे. वजन कागदावरून घेऊ नये, ऊस किंवा वाळू ज्या काट्यावर मोजतात त्यावर पाच-पन्नास रुपये खर्च करून मोजून घ्यावे.

आता फिरणाऱ्या भागांकडे वळू, कारण या विषयातला बहुतेक वाद येथे सुरू होतो, आणि वाद घालणारे दोघेही बहुधा आपापल्या परीने बरोबर असतात. गाडी पुढे सरकत असताना चाके, शाफ्ट, क्लच, फ्लायव्हील (इंजिनाला जोडलेले जड चाक) आणि क्रँकशाफ्ट यांचा फिरण्याचा वेगही वाढवावा लागतो. चाकांचे ३३ किलो मिळवले की आणखी ६१ न्यूटन, एकूण २२७१ न्यूटन आणि ६८.६ पीएस होतात. प्रवेगाच्या त्या क्षणी अॅक्सलकडून चाकांना प्रत्यक्ष मिळत असलेली ताकद ही. पण इंजिनाने त्याच वेळी स्वतःचे फ्लायव्हीलही अधिक वेगाने फिरवायला ताकद खर्च केलेली असते, आणि ती चाकांपर्यंत आलेलीच नसते. ती किती, हे गिअरवर फार अवलंबून असते. तुमच्या नोंदीनुसार ८० ला इंजिन सेकंदाला ५७८ रेडियन फिरते, म्हणजे गाडी एक मीटर जाताना इंजिन २६ रेडियन फिरते. अशा लहान इंजिनाच्या फिरत्या भागांचे जडत्व ०.१२ किलो-मीटर वर्ग धरले, तर २६ चा वर्ग गुणिले ०.१२ म्हणजे ८१ किलो; जणू तुमच्या गाडीत आणखी एक जाडजूड माणूस बसला आहे. तिसऱ्या गिअरमध्ये मीटरमागे सुमारे १८ रेडियन होतात आणि तोच माणूस ३९ किलोचा होतो. पहिल्या गिअरमध्ये मोजणी का करू नये, हे यावरून लक्षात येईल.

८१ किलोंसाठी १५० न्यूटन मिळवले की बेरीज २४२१ न्यूटन, आणि ताकद ५३.८ किलोवॉट, म्हणजे ७३ पीएस. इंजिन त्याच ५५२० आरपीएमवर न वाढता स्थिर चालले असते तर चाकांना साधारण एवढी ताकद मिळाली असती. कंपनीचा आकडा इंजिन चाचणी-बाकावर स्थिर आरपीएमला धरून, फ्लायव्हीलपाशी मोजलेला असतो, म्हणून त्याच्याशी तुलना करायची तर ७३ हाच आकडा घ्यावा. एखाद्या गॅरेजच्या रोलर डायनोशी (चाके रोलरवर फिरवून ताकद मोजणारे यंत्र) तुलना करायची असेल, आणि तो डायनो जड रोलर फिरवून प्रवेगावरून ताकद काढणारा असेल, तर ६८ किंवा ६९ च्या आसपासचा आकडा अधिक जवळचा ठरेल. त्यातही टायर रोलरवर रस्त्यापेक्षा वेगळे दबतात, तेव्हा तंतोतंत जुळण्याची अपेक्षा ठेवू नये.

मित्राच्या १५ टक्क्यांबद्दल. गिअरबॉक्समधल्या नुकसानीचा काही भाग ताकदीच्या प्रमाणात असतो, तर तेल ढवळणे आणि सील-बेअरिंगांचे घर्षण हा भाग मुख्यतः फिरण्याच्या वेगावर आणि तेलाच्या तापमानावर अवलंबून असतो. म्हणून सगळ्या गाड्यांना, सगळ्या गिअरना आणि सगळ्या वेगांना लागू पडेल अशी एकच टक्केवारी असू शकत नाही. चाकांवरच्या आकड्याला ०.८५ ने भागून फ्लायव्हीलची ताकद जाहीर करणे हे मोजमाप नव्हे. तुमच्या बाबतीत ७३ हे ८३ च्या सुमारे ८८ टक्के होतात, पण ८३ हे ६००० आरपीएमचे आणि ७३ हे ५५२० चे आहेत, हे विसरून चालणार नाही. शिवाय वजन, वेग आणि जडत्वाच्या गृहीतकांतल्या लहान चुका मिळून ७३ च्या दोन्ही बाजूंना तीन-चार पीएसची सैल जागा आहे. एवढे म्हणता येईल की तुमचे इंजिन अशक्त असल्याची कोणतीही खूण या नोंदींत नाही.

गिअर दुसराच ठेवलात हेही योग्य झाले. या गाडीत ६००० आरपीएम दुसऱ्या गिअरला ताशी ८७ किलोमीटरच्या आसपास येतात. तिसऱ्यात तेच गाठायला १२५ च्या पुढे जावे लागेल, आणि सार्वजनिक रस्त्यावर ते करू नये, बेकायदा आहे म्हणूनही आणि मोजणीकडे लक्ष असलेला चालक रस्त्याकडे कमी पाहतो म्हणूनही. कंपन्या याच कामासाठी इंदूरजवळच्या पिथमपूर येथील नॅट्रॅक्ससारख्या बंदिस्त मार्गांवर जातात, तेथला ११.३ किलोमीटरचा द्रुतगती मार्ग २०२१ मध्ये सुरू झाला. गाडी न्यूट्रलमध्ये सोडून रोध मोजण्याची तुमची रीतही नवी नाही. उत्सर्जनाच्या चाचणीत डायनोवर गाडीला रस्त्याइतकाच रोध देता यावा म्हणून तो आधी अशाच रीतीने मोजून घेतात.

प्रश्न : माझ्या ॲपमध्ये चाकांवरचा टॉर्क ७०० न्यूटन-मीटरच्या वर दिसतो, पण कंपनी ११३ म्हणते. ॲप चुकते आहे का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ॲप चुकते आहे असे एवढ्यावरून म्हणता येणार नाही. गिअरबॉक्स फिरण्याचा वेग कमी करून टॉर्क वाढवतो. वरच्याच गाडीचे उदाहरण घेतले, तर फिरत्या भागांसह बलांची बेरीज २४२१ न्यूटन होती आणि टायरची त्रिज्या ०.३० मीटर धरली, तर चाकांवरचा एकूण टॉर्क ७२६ न्यूटन-मीटर होतो. दुसरा गिअर आणि डिफरन्शियल मिळून वेग ७.८ पटींनी कमी होत असेल, तर ७२६ ला ७.८ ने भागून इंजिनाच्या बाजूचा टॉर्क ९३ न्यूटन-मीटर मिळतो. तिसऱ्या गिअरमध्ये तीच गाडी चाकांवर याहून बराच कमी टॉर्क दाखवील आणि इंजिन बदललेले नसेल. म्हणून चाकांवरच्या टॉर्कचा आकडा गिअर सांगितल्याशिवाय निरर्थक आहे. ताकदीचे तसे नाही, नुकसान सोडले तर ती गिअरबॉक्सच्या दोन्ही बाजूंना सारखीच असते.

सोपा मार्ग असा, की आधी ताकद काढावी आणि मग किलोवॉटना ९५४९ ने गुणून आरपीएमने भागावे. ५३.८ किलोवॉट आणि ५५२० आरपीएमला ९३ च येतात. येथे टायरची त्रिज्या आणि गिअरचे गुणोत्तर दोन्ही लागत नाहीत, त्यामुळे त्यांच्यातल्या चुकाही शिरत नाहीत. हा ९३ चा आकडा ११३ शी ताडून पाहू नये, कारण कमाल टॉर्क अशा इंजिनात ४२०० आरपीएमच्या आसपास मिळतो. तो पाहायचा तर दुसऱ्या गिअरमध्ये ताशी ६० च्या सुमाराचा टप्पा तपासावा लागेल.

प्रश्न : पनवेलहून पुण्यात राहायला आल्यापासून गाडी थोडी मंद वाटते. हा भास असू शकतो का? माझी गाडी सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेली, गुणोत्तर सतत बदलणारी ऑटोमॅटिक) आहे, तिला ही पद्धत लागू पडेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : भास असेलच असे नाही. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे आणि तेथे हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा सहा टक्क्यांच्या आसपास कमी असतो. टर्बो नसलेले इंजिन जेवढी हवा आत घेईल तेवढेच इंधन जाळू शकते, त्यामुळे ताकदही साधारण त्याच प्रमाणात घटते. महाबळेश्वरला हीच घट १५ टक्क्यांच्या घरात जाते. टर्बो इंजिन ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढते. म्हणून वेगवेगळ्या ठिकाणी किंवा ऋतूंत केलेल्या मोजण्या जुळवायच्या असतील, तर तापमान आणि प्रत्यक्ष दाब लिहून ठेवावा. प्रमाणित पद्धतीत आकडे २५ अंश सेल्सिअस आणि ९९ किलोपास्कल कोरड्या हवेच्या दाबाला आणून मांडतात. हवामानखात्याच्या बातमीतला दाब समुद्रसपाटीला आणलेला असतो, तो येथे वापरू नये.

सीव्हीटीमध्ये वेग आणि आरपीएम यांचे नाते सतत बदलते, त्यामुळे आरपीएमवरून वेग काढण्याची युक्ती तेथे चालत नाही. टॉर्क कन्व्हर्टरच्या (क्लचऐवजी तेलातून ताकद पुढे देणाऱ्या ऑटोमॅटिक) गाडीतही लॉक-अप झालेले, म्हणजे दोन्ही बाजू घट्ट जोडलेल्या नसताना तीच अडचण येते. एएमटीमध्ये (यंत्राने आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडीत) मात्र आत साधा क्लच आणि साधा गिअरबॉक्सच असतो. मॅन्युअल पद्धतीवर ठेवून गिअर कायम राखला की वरची रीत जशीच्या तशी लागू पडते. तुमच्या गाडीसाठी सेकंदाला दहा नोंदी देणारा स्वतंत्र जीपीएस घ्यावा लागेल. फोनमधला जीपीएस बहुधा सेकंदाला एकच नोंद देतो, आणि दीड सेकंदाच्या टप्प्याला ती पुरत नाही. त्यावरून चाकांवरची ताकद निघेल. इंजिनाचे फिरते जडत्व मात्र एका ठरावीक किलोत बसवता येणार नाही, कारण गुणोत्तरच स्थिर नाही. आरपीएम एका जागी टिकून वेग वाढत असेल तेवढाच भाग हिशेबाला घेतला, तर त्या जडत्वाचा प्रश्नच उरत नाही, आणि सीव्हीटी पूर्ण ॲक्सिलरेटरवर बराच वेळ नेमकी तशीच चालते.